दोन हाका

दुर्गाबाई जंजाळ आणि बेबीनंदा हिवराळे यांची ओळख आष्टीची. दुर्गाबाई तिथं प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या आणि बेबीनंदा सरकारी दवाखान्यात नर्स. दोघी नुकत्या नोकरीला लागलेल्या, दोघींच्या खोल्यांची भिंत एकच. दुर्गाबाईंना पहिलं बाळंतपण आलं ते ऐन पावसाळ्यात. रस्ते बंद, नवरा परतूरला अडकलेला, डॉक्टर रजेवर. बेबीनंदानं एकटीनं सगळं निभावलं. मूल पायाळू होतं. झालं तेव्हा रडेना. तिनं त्याला उलटं धरून, पाठीवर थोपटून, तोंडातला चिकटा स्वतःच्या बोटानं काढून रडवलं. तो शिवाजी.

पुढं बदल्या झाल्या आणि गाठीभेटी सुटल्या. शहाण्णव साली दुर्गाबाई निवृत्त होऊन जालन्यात मुलाकडं राहायला आल्या, तेव्हा शुगर तपासायच्या रांगेत पुढं बेबीनंदाच उभी होती. तीही निवृत्त झालेली. नवरा वसंतराव एसटीतून निवृत्त, मूलबाळ नाही, रस्त्याच्या पलीकडच्या वस्तीत दोन खोल्यांचं घर. डॉक्टरांनी दोघींना एकच सांगितलं, रोज सकाळी तासभर चाला.

कॉलनीच्या मागं, जिथं घरं संपतात तिथून, टेकाडाच्या पोटानं रोपवन लागायचं. पंधरा वर्षांपूर्वी गायरानावर सरकारनं झाडं लावली होती. आधी कडुलिंबं, मंग सुबाभूळ, पुढं करंज. मधून पायवाट होती, गुराख्यांनी पाडलेली आणि फिरणाऱ्यांनी रुंद केलेली. ती वाट पाझर तलावाच्या बांधावर निघायची आणि पलीकडून करंजांमधून वळसा घेऊन परत यायची. सगळा फेरा तासाभराचा.

दोन वर्षं त्यांचा हा नेम चुकला नाही. नऊवारी नेसणाऱ्या दुर्गाबाईंनी पायात कॅनव्हासचे बूट घातले तेव्हा सुनेनं तोंडाला पदर लावला होता, पण पुढं तीच बूट धुऊन वाळत घालायला लागली. दोघी सावकाश चालायच्या. घाई कशाचीच नव्हती. बेबीनंदाला पाखरांची नावं ठाऊक होती. कोतवाल आला की ती थांबायची आणि दुर्गाबाईंच्या कोपराला नुसतं बोट लावायची. पावसाळ्यानंतर तरवड पिवळा होऊन जायचा. बांधावर बसून दोघी पाण्याकडं बघत कोणाच्या पायाला किती मुंग्या येतात ते बोलायच्या. आष्टीतली माणसं एकेक करून आठवायच्या, कोण गेलं, कोण राहिलं. दुर्गाबाई पुढं म्हणायच्या की आयुष्यात फुरसत म्हणून जी काही मिळाली ती त्या वाटेवर मिळाली.

वाटेत लिंबांवर गुळवेल चढलेली होती. बेबीनंदा रोज एक वीतभर तुकडा कापून घ्यायची, अर्धा दुर्गाबाईंना द्यायची. उकळून प्यायचा, शुगरला चांगला. त्यासाठी ती वाट सोडून दहा-वीस पावलं आत जायची. दुर्गाबाई वाटेवरून म्हणायच्या, तिकडं नको, गवत वाढलंय. मंग ती मागं फिरायची.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर शिवाजीनं त्याच कॉलनीत नवं घर बांधलं आणि वास्तुशांती घातली. तो ठेकेदार होता, चार लोकांत उठबस होती. दुपारी दोनशे पानांची पंगत होती. सुनेच्या माहेरची मंडळी जाफराबादहून यायची होती, भावकीतली म्हातारी माणसं यायची होती. दुर्गाबाईंनी आदल्या दिवशी फिरताना बेबीनंदाला आमंत्रण दिलं. म्हणाल्या, "तू संध्याकाळी ये. दुपारी लई गर्दी राहील, तुझ्याशी बोलणं व्हायचं न्हाई." बेबीनंदा बरं म्हणाली. संध्याकाळी ती एकटीच आली. सगळं घर हिंडून बघितलं, देवघरापासून गच्चीपर्यंत. शिवाजीच्या हातात एक स्टीलचा डबा दिला, जेवली आणि दिवे लागायच्या सुमाराला गेली.

दुर्गाबाईंना वाटलं, झालं, निभावलं.

दोन दिवसांनी, मंगळवारी सकाळी, त्या नेहमीसारख्या निघाल्या. थंडी पडायला लागली होती. गवत कमरेइतकं होतं आणि दवानं वाकलेलं. लिंबांमध्ये शिरल्यावर बेबीनंदा म्हणाली, "दुर्गे, रविवारी दुपारी किती पानं होती?"

"असतील दोनशे."

"दोनशे एकावं मांडायला जागा न्हवती का?"

तिनं हे चिडून विचारलं नव्हतं. चालता चालता, समोर बघत विचारलं होतं. दुर्गाबाईंना ते जास्त लागलं. त्या सांगायला लागल्या की सुनेच्या माहेरची माणसं जुन्या वळणाची आहेत, भावकीत कोण कधी काय बोलेल याचा नेम नाही, मला तुझा अपमान व्हायला नको होता. बेबीनंदानं ऐकून घेतलं आणि विचारलं, कोण करणार होतं अपमान, एकाचं नाव सांग. दुर्गाबाईंना एकही नाव सांगता येईना. कोणी काही बोललंच नव्हतं. बेबीनंदाला बोलवू नका असं घरातलं कोणी म्हणालं नव्हतं. ते त्यांनी आपल्या मनानंच ठरवलं होतं.

नाव सापडेना तसा त्यांना राग आला. म्हणाल्या, "तुम्हा लोकांना जिकडं तिकडं तेच दिसतं."

बेबीनंदा थांबली. "तुम्हा लोकांना," ती म्हणाली. "तीस वर्षांत हे तुझ्या तोंडून कधी ऐकलं न्हवतं."

दुर्गाबाई थांबल्या नाहीत. त्या भराभर पुढं चालायला लागल्या. मागं पावलं वाजत नव्हती, म्हणजे ती तिथंच उभी असणार हे त्यांना कळलं. वळून बघावंसं वाटलं, पण बघितलं नाही. शंभरएक पावलं गेल्यावर मागून हाक आली. "दुर्गे!" त्या चालत राहिल्या. पुन्हा आली. या वेळी मोठी, तुटक. "दुर्गे, थांब." त्यांच्या मनात आलं, आता समजूत घालायला बोलवून राह्यली. घालू दे उद्या. त्यांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि बांधावर न चढताच आडवाटेनं कॉलनीत निघाल्या.

घरी येऊन त्यांनी चहा घेतला. नातवाचं दप्तर भरून दिलं.

साडेनऊच्या सुमाराला वसंतराव आले. सरळ, अबोल माणूस. बाहेरच उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, ही अजून आली न्हाई. तुमच्याबरोबर आहे का?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण लिंबांत वेगळ्या झालो म्हटलं तर ते विचारणार का, आणि का म्हटलं की सगळं निघणार, दाराच्या आत सून उभी आहे, तिच्यासमोर निघणार. दुर्गाबाई म्हणाल्या, "तळ्यापर्यंत बरोबर होतो. बांधावरून मी माघारी आले. ती पलीकडच्या अंगानं गेली."

त्या वेळी त्यांना खरोखर वाटलं होतं की बेबीनंदा रुसून कुणाकडं तरी बसली असेल.

वसंतरावांचा चेहरा पडला. शुगरची बाई, पाण्याच्या काठाला एकटी. शिवाजी घरात होता. त्यानं जीप काढली. तळ्याच्या पलीकडं डांबरी रस्त्यानं जाता येत होतं, तिकडून ते गेले. लिंबांच्या वाटेनं कोणी गेलंच नाही. करंजं पालथी घातली. तळ्याकाठच्या वस्तीतून दोन पोहणारे गडी आणले. दहा वाजता दुर्गाबाईही त्याच डांबरी रस्त्यानं बांधावर जाऊन उभ्या राहिल्या. गडी बुडी मारायचे, वर यायचे, मान हलवायचे. वसंतराव काठावर उकिडवे बसले होते. हातात बायकोची जास्तीची चप्पल होती, कशासाठी आणली होती कोण जाणे.

बेबीनंदा इथवर आलीच नाही हे त्या बांधावर फक्त दुर्गाबाईंना माहीत होतं. आता त्या दोन हाका त्यांना वेगळ्या ऐकू यायला लागल्या. पहिली हाक रागाची नव्हती. दुसरी तर समजुतीचीही नव्हती. दुसरीत घाबरलेपण होतं आणि ती कुठून तरी खालून आल्यासारखी होती. पण साडेनऊला जे वाक्य सांगायला जड गेलं ते आता दहापट जड झालं होतं. आता सांगितलं तर कमरेपर्यंत पाण्यात उभी ही सगळी माणसं आपल्याकडं वळून बघतील. त्या उभ्या राहिल्या. अर्धा तास गेला, मंग आणखी अर्धा.

अकरा वाजून गेल्यावर त्या शिवाजीला म्हणाल्या, "जरा लिंबांच्या बाजूलाही बघा. ती गुळवेल तोडायला जायची." का, कसं, काही सांगितलं नाही.

वाटेपासून पन्नास पावलांवर, घाणेरीच्या जाळीत, एक जुनी विहीर होती. गायरान होण्याआधी तिथं कुणाची तरी मोट चालत असेल. कठडा कधीच ढासळला होता आणि तोंडावर गवत आडवं पडलं होतं. बाजूच्या लिंबावर गुळवेल होती. बेबीनंदा तळाशी होती. पाणी कमरेइतकंच. भिंतीला पाठ टेकून बसलेली, एक पाय मोडून वाकडा झालेला, डोक्याला खोक. एका हाताची नखं मातीनं भरली होती, विहिरीच्या भिंतीतली एक चीर पुन्हा पुन्हा उकरलेली दिसत होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी वसंतरावांना सांगितलं की जाऊन तास-दीड तास झाला असावा. तेव्हा साडेबारा वाजले होते. दुर्गाबाई बाकड्यावर बसल्या होत्या. त्यांनी हिशोब केला. आपण बांधावर उभ्या होतो तोवर ती जिवंत होती.

पंचनामा झाला. पोलिसांनी जबाब घेतला तेव्हा दुर्गाबाईंनी बांधाचंच सांगितलं. तळ्यावरून परत येताना बाई गुळवेलीसाठी वाट सोडून गेल्या आणि पाय घसरून पडल्या, असं कागदावर आलं. त्याच वाटेनं फिरणारे अप्पाराव, निवृत्त पोस्टमास्तर, हळहळत सांगत होते की सात-साडेसातला त्यांनी काहीतरी ऐकलं होतं, पण मोर ओरडतोय असं वाटलं. दुर्गाबाई त्यांच्याकडं बघू शकल्या नाहीत. त्या माणसानं मोर समजून सोडून दिलं होतं. आपण तर नावानं ओळखलं होतं.

अंत्यविधीला त्या गेल्या. भंतेजींनी वंदना म्हटली, पांढऱ्या साड्यांतल्या बायका ओळीनं बसल्या होत्या, दुर्गाबाईंना कुणीतरी पुढं सरकून जागा करून दिली. वसंतराव त्यांच्याजवळ आले आणि विचारलं, "बाई, शेवटचं तुमच्याशीच बोलली ती. काय बोलली?"

"पाखरांचंच," दुर्गाबाई म्हणाल्या.

वसंतरावांनी मान हलवली. त्यांना ते पटलं.

त्यानंतर दुर्गाबाईंनी फिरायला जाणं सोडलं. कॅनव्हासचे बूट माळ्यावर टाकले. शुगर वाढली, पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती भरेना. शिवाजी दवाखान्यात न्यायचा, सून पथ्याचं करायची, दोघांना वाटायचं मैत्रिणीच्या दुःखानं झालंय. ते ऐकून घेणं हीच त्यांना शिक्षा वाटायची.

चैत्रात डॉक्टर रागावले, चालला नाहीत तर पाय जाईल म्हणाले. दुर्गाबाई काठी घेऊन निघाल्या. रस्त्यानंच जायचं ठरवलं होतं, पण पाय रोपवनाकडं वळले. लिंबांचा मोहर सगळ्या वाटेवर पडला होता. गवत वाळून आडवं झालं होतं आणि आता ती विहीर वाटेवरूनही दिसत होती. तिच्याजवळ वसंतराव वाकून दगड रचत होते.

विहीर कोणाची हे ठरेना म्हणून कठडा कोणी बांधेना. वसंतराव तीन महिने या कचेरीतून त्या कचेरीत फिरले होते, मंग त्यांनी अर्ज करणं सोडून दिलं आणि नाल्यातून दगड आणायला लागले. रोज सकाळी आठ-दहा. हात फोडांनी भरले होते. विहिरीभोवती रचलेल्या दगडांची गुडघ्याइतकी वळ उभी राहिली होती.

दुर्गाबाईंनी काठी बाजूला ठेवली आणि छोटे दगड उचलून द्यायला लागल्या. वसंतराव नको नको म्हणाले, पण त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशीही गेल्या. पंधरा दिवस गेल्या. दोघं फारसं बोलायचे नाहीत. वसंतराव कधीतरी मध्येच म्हणायचे, मीच तिला एकटी जाऊ द्यायला नको होतं. मी उठून बरोबर जायला पाहिजे होतं. मला काय काम होतं? असं ते रोज म्हणायचे आणि दुर्गाबाई रोज त्यांच्या हातात दगड द्यायच्या.

सोळाव्या दिवशी वसंतरावांनी तसंच म्हटलं तेव्हा दुर्गाबाई खाली बसल्या.

"वसंतराव, ती तळ्यापर्यंत आली न्हवती," त्या म्हणाल्या. "इथंच आमचं भांडण झालं. मी तिला टाकून पुढं गेल्ते. तिनं मला हाक मारली. मी ऐकली आन् थांबले न्हाई."

वसंतराव दगड हातात घेऊन उभे होते. मंग विचारलं, "किती वेळा मारली?"

"दोनदा."

"आन् मला तळ्याचं सांगितलं."

"हो."

त्यांनी दगड खाली ठेवला, टाकला नाही. भांडण कशावरून झालं हे त्यांनी विचारलं नाही, पण दुर्गाबाईंनी तेही सांगितलं. पंगत, दोनशे पानं, आपण काय बोललो ते शब्द, सगळं. सांगून झाल्यावर वसंतराव वळीवर बसले. आवाज चढवला नाही.

"तिला माहीत होतं," ते म्हणाले. "संध्याकाळी बोलावलं तेव्हाच माहीत होतं. मी म्हणलो, जाऊ नको. ती म्हणली, त्या पोराला मी या हातानं जगात आणलंय, त्याचं घर मला बघायचंय. पंगतीचं मी दुर्गीला नंतर विचारीन. तिच्या मनात तसं नसंल, ती सांगंल मला बराबर." ते थांबले. "तुम्ही काय सांगताल याची ती दोन दिवस वाट बघून राह्यली होती."

दुर्गाबाईंना रडू येईना. त्यांनी विचारलं, मी काय करू?

"उद्यापासून येऊ नका," वसंतराव म्हणाले. "हे माझं मी करीन."

त्या पुन्हा गेल्या नाहीत. पण घरी येऊन त्यांनी शिवाजीला आणि सुनेला समोर बसवून सगळं सांगितलं. सून तोंडावर हात धरून आत निघून गेली.

"आई, तू मला विचारलं का न्हाई?" शिवाजी म्हणाला. "मावशीला मी पहिल्या पंगतीत बसवलं असतं. माझ्या शेजारी."

ते खरं होतं. दुर्गाबाईंना ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि ज्या माणसांच्या भीतीनं त्यांनी ते केलं होतं ती माणसं कुठंच नव्हती हेही दिसलं. शिवाजी त्या दिवसानंतर आईशी वागायला बदलला नाही. औषधं आणायचा, दवाखान्यात न्यायचा. फक्त जवळ येऊन बसायचा नाही.

पुढच्या आठवड्यात दुर्गाबाई पोलिसांकडं गेल्या आणि जबाब बदलायचा आहे म्हणाल्या. तिथल्या जमादारानं ऐकून घेतलं. प्रकरण बंद झालंय, अपघाताची नोंद झालीय, आता यानं काय होणार, असं तो समजावत राहिला. त्याला म्हातारीची कीव आली होती.

"काही नका होऊ देऊ," त्या म्हणाल्या. "पण खोटं माझ्या सहीखाली आहे. खरं लिहून घ्या." त्यानं शेवटी एका कोऱ्या कागदावर लिहून घेतलं, त्यांची सही घेतली आणि तो कागद फायलीत खोचला. त्याचं पुढं काही झालं नाही.

वसंतरावांनी पावसाळ्याच्या आत कठडा पुरा केला. छातीइतका, वर सिमेंटचा हात फिरवलेला. मंग ते भोकरदनला पुतण्याकडं राहायला गेले. जाताना कॉलनीत दोन-चार ठिकाणी भेटून गेले. दुर्गाबाईंकडं आले नाहीत. अप्पारावांकडून त्यांना कळलं.

अंगठा राहिला, पाय राहिला. दुर्गाबाई पुन्हा त्या वाटेनं फिरायला लागल्या. रोपवनात आता गर्दी वाढली होती, नव्या कॉलन्यांतल्या बायका पाच-सहाच्या घोळक्यानं यायच्या. एकट्या चालणाऱ्या म्हाताऱ्या बाईला त्या आपल्यात घ्यायच्या, हळू चालायच्या, बोलायच्या. कधी ना कधी त्यांच्यातली एखादी विहिरीपाशी थांबून विचारायची, एवढ्या आडरानात हा कठडा कुणी बांधला?

दुर्गाबाई सांगतात. कुणी बांधला ते, आणि का ते. दोन हाकांचंही सांगतात, आणि तळ्यावरचा तो एक तास. बायका ऐकून घेतात. काही जणी डोळे पुसतात. दुसऱ्या दिवसापासून त्या थोड्या लवकर निघतात, नाहीतर उशिरा. दुर्गाबाईंना ते कळतं, पण पुढच्या वेळी कुणी विचारलं की त्या तसंच सगळं सांगतात, काही गाळत नाहीत. मंग काठी टेकत, सावकाश, एकट्या बांधाकडं चालू लागतात.